स्टार्ट बटण गेले तेव्हा

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बाजारात आली आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण नाहीसे झाले. विंडोज ९५ पासून, म्हणजे १७ वर्षे, लोकांचा हात न बघता तिथे जात होता. आता समोर होत्या पडदाभर रंगीत चौकटी. टॅब्लेटवर बोट फिरवायला सोयीच्या, माउस धरणाऱ्याला परक्या.

साधा संगणक बंद करायचा, तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बाजूने पट्टी सरकत येईपर्यंत थांबायचे, मग सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. पडद्यावर याची खूणसुद्धा नव्हती. वर्षानुवर्षे सराईतपणे काम करणारा माणूस एका दिवसात नवशिका ठरला. माझ्या मते नाराजीचे मूळ इथेच आहे. लोकांना नव्याचे वावडे नसते; हातात बसलेली सवय हिरावून घेतली की राग येतो. ही प्रणाली आधीपेक्षा लवकर सुरू होई, पण ते कौतुक झाकोळले.

असे ग्राहक सोडून जातात का? बरेच जण जात नाहीत, जुन्या आवृत्तीला चिकटून राहतात. विंडोज ७ अनेक कार्यालयांत तशीच टिकली. ऑक्टोबर २०१३मध्ये ८.१ आवृत्तीत बटण परतले, पण ते दाबले की चौकटींचाच पडदा उघडत असे. खरा स्टार्ट मेनू परत मिळायला २०१५ साल आणि विंडोज १० उजाडावी लागली.