सलामीचे शिलेदार (भाग ६) : रोहितचे दोन हिशेब

तीर्थपुरीत टेनिस बॉलची स्पर्धा असली की सलामीच्या पोराला एकच हुकूम : पहिल्या बॉलपासून हाण. आठ ओव्हरच्या मॅचमध्ये दुसरं करणार तरी काय! पन्नास षटकांत मात्र कधी हाणायचं, हे आधी ठरवावं लागतं. रोहित शर्मानं ते एकाच कारकिर्दीत दोन तऱ्हांनी ठरवलं.

नागपुरात जन्मलेला, बोरिवलीत दिनेश लाड सरांच्या हाताखाली घडलेला रोहित शाळेत आधी ऑफस्पिनर होता. २००७ मध्ये एकदिवसीय पदार्पण झालं, मग मधल्या फळीत आत-बाहेर. २०११ चा विश्वचषकही हुकला. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवलं, त्यानं ८३ केल्या आणि गाडी रुळावर आली.

१३ नोव्हेंबर २०१४, ईडन गार्डन्स. श्रीलंकेविरुद्धच्या रोहितच्या २६४ धावा म्हटलं की लोकांना षटकार आठवतात. सुरुवात कुणी बघत नाही. चार धावांवर थर्डमॅनला झेल सुटला. पन्नाशीला ७२ चेंडू लागले, शतकाला १००. पुढच्या ७३ चेंडूंत १६४! श्रीलंकेचा अख्खा संघ २५१ मध्ये आटोपला. नवा चेंडू हलतोय तोवर दम धरायचा आणि वसुली शेवटी करायची, हा पहिला हिशेब. तेव्हाच्या नियमानं शेवटच्या दहा षटकांतही वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक असत, त्यामुळे उशिरा केलेली वसुली परवडायची.

२०१५ मध्ये नियम फिरला. शेवटच्या दहा षटकांत पाच जण बाहेर ठेवायची मुभा मिळाली. पहिल्या दहांत मात्र दोनच. मोकळं रान आता सुरुवातीलाच होतं. रोहित लगेच बदलला नाही, हेही खरं. २०१९ च्या विश्वचषकात जुन्याच पद्धतीनं पाच शतकं, ६४८ धावा, स्ट्राइक रेट ९८.

२०२३ च्या विश्वचषकात कर्णधार म्हणून ५९७ धावा, शतक एकच, पण स्ट्राइक रेट १२६. मला विचाराल तर या ५९७ जास्त मोलाच्या. मागच्यांना जम बसवायला वेळ मिळावा म्हणून त्यानं स्वतःच्या शतकांवर पाणी सोडलं, हा दुसरा हिशेब.

अहमदाबादच्या अंतिम सामन्यात मॅक्सवेलला आधी षटकार, मग चौकार आणि पुढच्याच चेंडूवर हवेत फटका. ट्रॅव्हिस हेडनं मागे धावत झेल घेतला. ३१ चेंडूंत ४७. ‘तो फटका मारायलाच नको होता’ म्हणणारे आपल्या पारावर आजही भेटतात. दहा षटकांत भारताच्या ८० धावा झाल्या होत्या. उरलेल्या चाळीस षटकांत मिळून चौकार लागले चार.

(पुढील आठवड्यात : सांगलीची स्मृती मानधना)