घातांकातील चल आणि बहात्तरचे अवयव

ज्या समीकरणात चल पायात नसून घातांकात असतो त्याला घातांकी समीकरण म्हणतात, आणि अशा दोन समीकरणांचे एकाच वेळी समाधान करणाऱ्या किमती शोधताना होणारे बहुतेक घोटाळे आकडेमोडीचे नसून गृहीतकांचे असतात. २^क्ष × ३^य = ७२ (येथे २^क्ष म्हणजे २ चा क्ष-वा घात) हे समीकरण दिसताच ७२ चे मूळ अवयव पाडून २^३ × ३^२ असे लिहिले जाते आणि घातांक जुळवून क्ष = ३, य = २ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर बरोबर आहे, पण तेच एकमेव असल्याची समजूत चुकीची आहे. कारण मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा सिद्धान्त घातांक पूर्णांक असतील तेव्हाच कामी येतो, आणि तशी अट नसेल तर क्ष ला कोणतीही वास्तव किंमत देऊन तिला साजेसा य काढता येतो. उदाहरणार्थ, क्ष = ० घेतल्यास य सुमारे ३.८९३ येतो.

दुसरे समीकरण २^क्ष + ३^य = १७ असेल, तर दोन्ही समीकरणांचा लॉगरिदम (दिलेली संख्या मिळण्यासाठी पायावर जो घातांक चढवावा लागतो तो) घेण्याचा मोह होतो. गुणाकाराचा लॉगरिदम लॉगरिदमांच्या बेरजेइतका असतो आणि १६१४ मध्ये जॉन नेपियरने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांचा सारा उपयोग याच गुणधर्मावर उभा होता; बेरजेचा लॉगरिदम मात्र असा सुटा होत नाही. येथे २^क्ष = अ, ३^य = ब मानणे सोयीचे ठरते, कारण मग अ + ब = १७ आणि अब = ७२ यांवरून अ आणि ब या ८ व ९ या संख्या ठरतात, पण कोणती कोणाची हे ठरत नाही. म्हणून २^क्ष = ९, ३^य = ८ ही दुसरी उकलही तितकीच ग्राह्य असून तीत क्ष सुमारे ३.१७० आणि य सुमारे १.८९३ असतो. अवयव जुळवणाऱ्याच्या हाती ती कधीच लागत नाही.

याउलट २^क्ष × ३^य = ७२ सोबत २^य × ३^क्ष = १०८ दिले असेल, तर लॉगरिदमाशिवाय चालणार नाही हा समजही टिकत नाही. दोन्ही समीकरणांचा गुणाकार केल्यास ६^(क्ष + य) = ७७७६ = ६^५, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास (२/३)^(क्ष − य) = २/३ मिळते. पाया धन असून १ नसल्याने घातांक समान मानता येतात; क्ष + य = ५, क्ष − य = १, आणि येथे मात्र क्ष = ३, य = २ हीच एकमेव उकल ठरते.

ऋण किमती सरसकट टाकून देण्याची सवयही तपासून घ्यावी लागते. २^क्ष − ३^य = ७ आणि २^क्ष × ३^य = ८ यांत अ = −१, ब = −८ ही जोडी टाकावी लागते, कारण धन पायाचा वास्तव घात ऋण नसतो, आणि क्ष = ३, य = ० एवढीच उकल उरते; पण २^क्ष = १/८ आल्यास क्ष = −३ हे उत्तर निर्दोष आहे.