वारा देतो, वारा नेतो

जानेवारीच्या पहाटे तुम्ही कधी नदीत किंवा विहिरीत उडी मारली आहे काय? उडी घेताच छातीत धस्स होते, श्वास अडकतो. पण थोडे हातपाय हलवले की पाणी सोसवू लागते. खरी हुडहुडी भरते ती काठावर आल्यावर! अंग ओले असते, त्यात वाऱ्याची एखादी झुळूक येते आणि दातावर दात वाजू लागतात. आपण धावत जाऊन पंचा गुंडाळतो.

आता कल्पना करा, की पंचा नाही, काठ दूर आहे आणि झुळकेऐवजी ताशी ७० किलोमीटर वेगाचा वारा सुटला आहे. अशा वाऱ्यात ओल्या अंगाने उभे राहायचे, एवढेच नव्हे तर शिडाशी झोंबायचे. युरोपच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सराव करणारे व्यावसायिक विंडसर्फर हेच करतात.

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून समुद्रावर धावणे. फळीवरची डोलकाठी घट्ट रोवलेली नसते. तिच्या बुडाशी सगळ्या दिशांना वळणारा सांधा असतो. हाताने फिरवायचे सुकाणू नसते. शीड पुढे कलवले की फळीचे टोक वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे वळते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जिम ड्रेक या अभियंत्याने आणि हॉइल श्वाइट्झर यांनी या साधनाला जे रूप दिले, त्यातून हा खेळ जगभर पसरला. १९८४ साली तो ऑलिम्पिकमध्येही आला.

हिवाळ्यातच कशाला?

कारण तेव्हा वारा असतो! हिवाळ्यात ध्रुवाकडचा प्रदेश फार थंड होतो, विषुववृत्ताकडचा मात्र उबदारच राहतो. तापमानातील हा फरक वाढला की अटलांटिक महासागरावर जोरदार वादळे उठतात आणि ती आयर्लंड, ब्रिटन, डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांवर येऊन आदळतात.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानात ठेवा. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा अडवला तर दर चौरस मीटरवर सुमारे ६० न्यूटन बल पडते. वेग दुप्पट, म्हणजे २० मीटर झाला, की हेच बल २४० न्यूटन होते. चार चौरस मीटरच्या लहानशा शिडावर ९६० न्यूटन! प्रत्यक्ष बल शिडाच्या आकारावर आणि कोनावर अवलंबून असते. पण सत्तर किलोच्या माणसाचे वजन ६८६ न्यूटन भरते, यावरून अंदाज येईल. म्हणून वारा वाढला की खेळाडू शीड बदलून लहान लावतो.

शिवाय थंड हवा जड असते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.१६ किलो असते, तर ५ अंशाला १.२७ किलो. म्हणजे वेग तोच असला, तरी हिवाळ्यातला वारा सुमारे ९ टक्के अधिक जोराने ढकलतो.

या वाऱ्यासाठी २०१३ साली ‘स्टॉर्म चेस’ नावाची आगळी स्पर्धा सुरू झाली. वादळाचा अंदाज आला की स्पर्धकांना बोलवायचे, अशी तिची रीत होती. पहिली फेरी जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या ब्रँडन उपसागरात झाली आणि शेवटची फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर. थॉमस ट्राव्हर्सा हा फ्रेंच खेळाडू विजेता ठरला.

ऊब चोरतो कोण?

पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. तेव्हा समुद्रात पडलेल्या माणसाचा शत्रू पाणी, हे उघड आहे. परंतु विंडसर्फर बहुतेक वेळ पाण्याच्या वर असतो, आणि तेथे बाष्पीभवन त्याची ऊब पळवते.

थोडे गणित करू. अंगावरचे एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेते. १०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी, २,४०,००० जूल घेईल. ही सगळी उष्णता सत्तर किलोच्या शरीरातून गेली आणि शरीराने ती भरून काढली नाही, तर सबंध शरीराचे तापमान जवळजवळ एक अंशाने उतरेल! वारा जितका जोराचा, तितके बाष्पीभवन जलद. म्हणजे जो वारा एका हाताने वेग देतो, तोच दुसऱ्या हाताने ऊब नेतो.

यावर उपाय म्हणजे ‘वेटसूट’. १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने तो तयार केला. अंग कोरडे ठेवण्याची गरज नाही, हे त्याने ओळखले. निओप्रीन रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि वायू उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे तेच ऊब राखतात. घोंगडीचेही तत्त्व हेच! विंडसर्फरांच्या वेटसूटला छातीवर व पाठीवर अनेकदा कापडाऐवजी गुळगुळीत रबर असते. त्यावरून पाणी ओघळून जाते. वाऱ्याला सुकवायला फारसे उरतच नाही.

हात मात्र अडचणीत येतात. जाड हातमोजे घातले तर शिडाचा दांडा हाताला जाड लागतो, तो आवळताना कोपराखालचे स्नायू लवकर थकतात. न घालावेत तर बोटे बधिर होतात, कारण थंडीत शरीर हातापायांचे रक्त आवरते आणि हृदय-मेंदूची ऊब सांभाळते. म्हणून कित्येक जण तळव्याशी उघडे असलेले मोजे वापरतात.

परतायचे केव्हा?

काही व्यावसायिक खेळाडू हिवाळ्यात कॅनरी बेटांवर किंवा केपटाउनला सरावाला जातात. जे थंडीतच राहतात त्यांना शिडाइतकाच स्वतःच्या शरीराचाही अंदाज घ्यावा लागतो. किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा ते टाळतात, एकटे जात नाहीत, आणि काही मोडले तरी फळी सोडून पोहत निघत नाहीत, कारण फळी तरंगते. सर्वांत कठीण नियम हा, की दमण्यापूर्वी परतायचे. बोटांची पकड ढिली झाली की गाठ बांधणे किंवा शीड उचलणे हीसुद्धा मोठी कामे होतात. आणखी एक फेरी मारण्याचा मोह तेव्हा जिवावर बेतू शकतो.

हे तत्त्व तुम्ही शाळेतच तपासू शकता. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही पंख्याखाली धरून दहा मिनिटांनी तापमाने वाचा. मग ओल्या फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून पुन्हा वाचा. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. काठावर आल्यावर पंचा का हवासा वाटतो, हे ते आकडेच सांगतील.