उंची कमी आहे? घोड्याला विचारा!

पहाटे साडेपाचला जालन्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. कुणाच्या पायात चांगले शूज, कुणाचे अनवाणी पाय, एकाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. आमच्या ग्रुपमधला एक जण त्या सगळ्यांत वेगवान. सोळाशे मीटरला त्याला कुणी गाठत नाही. पण मोजपट्टीखाली उभा राहिला की खेळ खल्लास. भरतीत मुलांना किमान 165 सेंटीमीटर उंची लागते आणि हा भरतो 161. चार सेंटीमीटरसाठी चार वर्षांची पळापळ पाण्यात!

मागच्या महिन्यात नवीन जालन्यात एका टपरीवर आम्ही चहा पीत होतो. त्याच्या मोबाइलवर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा व्हिडिओ सुरू होता. शर्यत संपली, जॉकी घोड्यावरून खाली उतरला आणि मालकाशेजारी उभा राहिला. मालकाच्या खांद्याच्या खालीच त्याचं डोकं. मित्रानं व्हिडिओ तिथंच थांबवला.

"हा तर माझ्याहून बुटका आहे रे," तो म्हणाला. "मग मला जमलं असतं का हे?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्यामुळे त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायचं ठरवलं. चांगला जॉकी नेमका कशानं बनतो?

घोडा आपल्याला परका नाही

रेसकोर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, हे मुंबई-पुण्याच्या बड्या लोकांचं काम. पण जरा नकाशा बघा. आपल्या स्टेशनवर थांबणारी देवगिरी एक्स्प्रेस एका टोकाला मुंबईला जाते आणि दुसऱ्या टोकाला हैदराबादकडे. मुंबईला 1883 पासूनचं महालक्ष्मी रेसकोर्स, हैदराबादला निजामाच्या काळातलं मलकपेटचं. आपण बरोबर मधे.

आणि इतिहास? 23 सप्टेंबर 1803 ला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या एका दिवसात त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून मेला आणि दुसरा, डायोमेड नावाचा, भाल्यानं जखमी झाला. आजही मराठवाड्यात खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो आणि तिथं दात बघून घोड्याचं वय सांगणारी माणसं भेटतात.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. जॉकी हा आजचा बारगीर. घोडा त्याचा नसतो, तो मालकाचा असतो. घोड्याला तयार करतो ट्रेनर, त्याला रोज खाऊपिऊ घालतो, मालिश करतो तो सईस. जॉकी बऱ्याचदा शर्यतीच्या काही मिनिटं आधी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर बसतो. एका दुपारी पाच-सहा शर्यती, म्हणजे पाच-सहा वेगळे घोडे. एक तापट, एक आळशी, एक गर्दीला घाबरणारा. बसल्या बसल्या ओळखायचं, हा कोणत्या जातीचा गडी आहे!

वजन हे फक्त तिकीट

बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन त्यानं वाहायचं, म्हणजे सगळ्यांना जिंकायची संधी राहते. समजा घोड्याला 54 किलो ठरलं, तर त्यात जॉकी, त्याचे कपडे आणि खोगीर सगळं आलं. कमी भरलं तर खोगिरात शिशाचे तुकडे घालतात. शर्यतीआधी वजन होतं आणि शर्यतीनंतर पुन्हा होतं. आकडा जुळला नाही तर जिंकलेली शर्यत हातची जाऊ शकते. म्हणून जॉकीचं स्वतःचं वजन साधारण पन्नास किलोच्या आसपास असावं लागतं.

म्हणजे नियम उंचीचा नाही, वजनाचा आहे. इंग्लंडचे लेस्टर पिगॉट जॉकींच्या मानानं चांगलेच उंच, पाच फूट आठ इंच. त्यांनी 1954 मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी पहिली एप्सम डर्बी जिंकली आणि पुढे एकूण नऊ वेळा. पण त्यासाठी आयुष्यभर ताटाकडे पाठ करून बसावं लागलं.

हलका माणूस जॉकी होऊ शकतो, एवढंच वजनाचा काटा सांगतो. चांगला जॉकी होईल का, हे काट्याला कळत नाही.

बसायचं नाही, तरंगायचं

जुनी चित्रं बघा. लांब रिकिबी, ताठ पाठ, स्वार खोगिरावर पोत्यासारखा बसलेला. मग 1897 च्या सुमारास टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडला आला. आखूड रिकिबी, गुडघे वर, छाती घोड्याच्या मानेवर. लोक म्हणाले, माकड बसलंय! पण माकड जिंकायला लागलं आणि थोड्याच वर्षांत सगळेच तसे बसू लागले.

असं का, हे लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2009 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. घोडा धावताना त्याचं अंग सतत वर-खाली, पुढे-मागे होतं. स्वार घट्ट बसलेला असेल तर प्रत्येक ढांगेला घोड्याला त्याचं वजनही हलवावं लागतं. आखूड रिकिबीवर तोललेला जॉकी आपले पाय स्प्रिंगसारखे वापरतो. घोडा खाली हलतो, जॉकी जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. ही पद्धत आली त्या काळात शर्यतींच्या वेळेत 5 ते 7 टक्क्यांची सुधारणा झाली.

किती अवघड आहे ते घरी करून बघा. चवड्यांवर उभे राहा, गुडघे वाकवा, पाठ जमिनीला समांतर ठेवा, हात पुढे. अडीच मिनिटं. आमच्यातल्या एकाचंही एक मिनिट झालं नाही. आणि खाली 500 किलोचं जनावर ताशी 60 किलोमीटरनं पळत नव्हतं, साधी सतरंजी होती!

डोक्यातलं घड्याळ

इंडियन डर्बी 1943 पासून होते. अंतर 2400 मीटर, वेळ सुमारे अडीच मिनिटं. एवढा वेळ कुठलाच घोडा पूर्ण वेगानं पळू शकत नाही. पूर्ण जोर थोड्याच वेळापुरता असतो आणि तो कधी खर्चायचा हे जॉकी ठरवतो. लवकर सोडला तर शेवटच्या दोनशे मीटरला घोडा थकून थांबल्यासारखा होतो. उशीर केला तर पुढचा घोडा निघून जातो. मनगटावर घड्याळ बघायला वेळ नाही. वाऱ्यावरून, टापांच्या आवाजावरून, हातातल्या लगामाच्या ओढीवरून अंदाज घ्यायचा.

त्यातच समोर चार घोडे भिंतीसारखे. आतल्या कठड्याला चिकटून राहिलं तर अंतर कमी पडतं, पण कोंडीत सापडायची भीती. बाहेरून गेलं तर वाट मोकळी, पण वळणावर जास्त पळावं लागतं. सेकंदाला सोळा-सतरा मीटरच्या वेगात हे सगळं ठरवायचं. फट पडली तर घुसायचं, पण दुसऱ्याला धक्का लागला तर स्टुअर्ड्स चौकशीला बोलावतात आणि नंबर काढून घेतात, वर जॉकीवर बंदीही येऊ शकते.

या कलेतलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे पेसी श्रॉफ. 2004 मध्ये निवृत्त होईपर्यंत 1751 विजय, त्यात 106 क्लासिक शर्यती आणि 29 डर्बी. आता ते ट्रेनर म्हणून नावाजलेले आहेत. हे आकडे नुसत्या ताकदीवर येत नाहीत. मोठ्या शर्यतीच्या दिवशी, हजारो लोक ओरडत असताना, हात शांत ठेवणाऱ्याचे ते आकडे आहेत.

हात शांत असणं ही तर जॉकीची खरी ओळख. घोड्याचं तोंड फार नाजूक असतं. लगाम ओढून धरला तर तो त्याच्याशीच भांडत बसतो आणि त्यातच दमतो. चाबकाच्या वापरावर आता बहुतेक देशांत मर्यादा आहेत. जास्त फटके मारले तर दंड होतो. जनावराला मारून पळवणारे पुष्कळ, त्याला पळावंसं वाटायला लावणारे थोडे.

पोरींचं काय?

घोड्याला पाठीवर कोण आहे ते कळतं, मुलगा की मुलगी ते नाही. चेन्नईत घडलेल्या रूपा सिंग यांनी पुरुषांच्या बरोबरीनं पळून शेकडो शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये मिशेल पेन 'मेलबर्न कप' जिंकणारी पहिली स्त्री जॉकी ठरली. तिच्या प्रिन्स ऑफ पेन्झान्स या घोड्याचा भाव होता शंभरास एक, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कुणालाच वाटत नव्हतं. त्या घोड्याची देखभाल करायचा तिचा भाऊ स्टीव्ही, ज्याला डाउन सिंड्रोम आहे. दोन मिनिटांच्या ग्लॅमरमागे कुणाकुणाचे हात असतात ते त्या दिवशी जगानं बघितलं.

किंमत

आता न दिसणारी बाजू. प्रत्येक शर्यतीत घोड्यांच्या मागे अॅम्ब्युलन्स धावते. असं दुसऱ्या किती खेळांत होतं? कार्ल उमरीगर हा मुंबईचा गुणी तरुण जॉकी. 1979 मध्ये शर्यतीतल्या अपघातानंतर तो गेला, तेव्हा जेमतेम 19 वर्षांचा होता. म्हणजे आपल्यातल्या एखाद्या सेकंड इयरच्या पोराएवढा.

दुसरा धोका हळू चालणारा आहे. तो वजनाचा. इंग्लंडचा फ्रेड आर्चर तेरा वेळा चॅम्पियन झाला, पण अंगानं उंच असल्यानं सतत उपाशी राहून वजन उतरवायचा. शरीर खचलं, घरातलं दुःख होतंच, आजारपण आलं, आणि 1886 मध्ये फक्त 29 व्या वर्षी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. आज आहारतज्ज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, तरी गरम पाण्यात बसून, जाड कपडे घालून पळून घाम काढायची सवय या धंद्यातून पूर्ण गेलेली नाही. आकड्यासाठी शरीराशी भांडणं आपल्याकडेही कमी नाही. भरतीच्या आदल्या दिवशी उंची वाढेल म्हणून लटकणारी पोरं आपण बघितलीच आहेत.

आणि सट्टा? 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोड्यांच्या शर्यती हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. पण ते कौशल्य घोड्याचं, जॉकीचं आणि ट्रेनरचं. खिडकीवर पैसे लावणाऱ्याच्या खिशाची हमी न्यायालयानं दिलेली नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग त्याला जमलं असतं?

जॉकी व्हायचं तर साधारण दहावीच्या वयात सुरुवात होते. टर्फ क्लबच्या देखरेखीखाली अॅप्रेंटिस म्हणून पोरं लागतात. अंधार असताना तबेल्यात हजर राहायचं, पहाटे घोड्यांना व्यायाम द्यायचा. पहिली शर्यत मिळेपर्यंत बराच काळ जातो. मिळाली की शिकाऊ म्हणून काही किलोंची सवलत मिळते आणि जसजसे विजय वाढतात तसतशी ती कमी होत जाते. म्हणजे चांगलं केलं की काम अवघड होत जातं!

हे सगळं मित्राला त्याच टपरीवर सांगितलं. तो बावीस वर्षांचा, वजन 58. घोड्यावर बसलाय फक्त मामाच्या लग्नात, तोही नवरदेवापुढे. त्यानं स्वतःच हिशेब केला.

"म्हणजे गाडी गेली," तो म्हणाला.

आम्ही खोटं बोललो नाही. जॉकीची गाडी गेली. तबेल्याभोवती इतर कामं असतात. व्यायाम देणारे रायडर, नाल मारणारे, पशुवैद्यक, ट्रेनरचे मदतनीस. त्यांना पट्टीखाली उभं राहावं लागत नाही. पण त्यातलं काही करायचं की नाही, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. सध्या तो तलाठी भरतीची पुस्तकं वाचतोय.

गेल्या आठवड्यात मात्र मैदानावर एक गंमत झाली. नवीन आलेली पोरं सोळाशे मीटरची पहिलीच फेरी जीव तोडून पळत होती आणि तिसरीला पोटात दुखतंय म्हणून बसत होती. हा कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा होता.

"अरे, पहिल्या फेरीत कशाला मरता?" तो ओरडला. "चारही फेऱ्या सारख्या वेळेत मारा. शेवटच्या दोनशेला सोडा!"

त्यातल्या दोघांची वेळ त्या सकाळी चांगलीच सुधारली. दोघंही त्याच्याहून अर्ध्या फुटानं उंच. त्यानं आकडे वहीत लिहिले, शिटी वाजवली आणि पुढच्या बॅचला लाइनवर बोलावलं.