थंड डोंगरावरील चिमुकल्या ऑर्किडचें पाणी

कुंडींतील झाड सुकूं लागलें म्हणजे त्याला पाणी कमी पडलें, असा समज घरोघर आढळतो. तुळस, मोगरा, गुलाब यांच्या बाबतींत तो पुष्कळ अंशीं खराही आहे. परंतु थंड डोंगरांवरचीं चिमुकलीं ऑर्किडें घरीं आणणाऱ्या हौशी मंडळींना निराळाच अनुभव येतो. हीं झाडें तहानेपेक्षां प्रेमानें घातलेल्या पाण्यांत गुदमरूनच अधिक मरतात. आणि नवल असें कीं, ज्या रानांतून त्यांचें कूळ आलें तेथें बारा महिने पाऊस असतो. रानांत रोज भिजणारें झाड घरांत रोज भिजविलें असतां कां मरावें, या प्रश्नाचा उलगडा झाला म्हणजे पाणी केव्हां, कसें व किती घालावें हें समजणें सोपें जातें.

उदाहरणादाखल एकच झाड घेऊं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी नांवाचें मोठें बेट आहे. त्याचा पश्चिम भाग इंडोनेशियांत मोडतो व पूर्वेस पापुआ न्यू गिनी हें स्वतंत्र राष्ट्र आहे. बेटाच्या मध्यावरून उंच पर्वतांची रांग गेलेली आहे. तिच्यावर मुख्यतः दोन ते तीन हजार मीटर उंचीच्या टापूंत, ढगांनीं वेढलेल्या रानांत, डेंड्रोबियम कथबर्ट्सनी हें ऑर्किड शेवाळलेल्या फांद्यांवर वाढतें. फर्डिनांड फॉन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. झाड बहुधा करंगळीएवढेंच. पानें गर्द हिरवीं, त्यांवर बारीक पुरळ उठल्यासारखे दाणे. आणि फूल मात्र कित्येकदां झाडाच्या मानानें फारच मोठें. तें बहुधा लालभडक असतें, पण नारिंगी, पिवळें, गुलाबी व जांभळेंही आढळतें. हवा मानवली तर एकेक फूल महिनोन्‌महिने टिकतें. नऊ महिन्यांपर्यंत टिकल्याचीही नोंद आहे. एवढें दीर्घायुषी फूल देणारें झाड एका उन्हाळ्यांत हातचें जावें, ही गोष्ट मनाला चटका लावणारी खरी.

हें झाड बांडगुळाप्रमाणें दुसऱ्याचा रस शोषीत नाहीं. फांदीचा त्याला केवळ आधार असतो. पाणी मिळावयाचें तें पावसाचें, धुक्याचें व भोंवतालच्या शेवाळ्याचें. त्यासाठीं अशा ऑर्किडांच्या मुळांवर मृत पेशींचें एक सच्छिद्र वेष्टन असतें. पाऊस पडतांच तें टीपकागदाप्रमाणें पाणी ओढून घेतें व पाऊस थांबल्यावर त्यांत पुन्हां हवा शिरते. आंतलें मूळ जिवंत असतें. त्यालाही श्वसन असतें आणि त्यासाठीं लागणारा प्राणवायु या हवेंतूनच मिळतो. पाण्यांतून प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून सांचलेल्या पाण्यांत बुडालेलें मूळ गुदमरतें.

त्यांत उष्णतेची भर पडली म्हणजे संकट दुहेरी होतें. १० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यांत हवेंतील प्राणवायु सुमारें ११ मिलिग्रॅम विरघळून राहतो; ३० अंशांच्या पाण्यांत तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. उलट, तपमान दहा अंशांनीं वाढलें म्हणजे मुळाच्या श्वसनाचा वेग साधारणपणें दुप्पट होतो. पुरवठा घटतो आणि गरज वाढते. मूळ दुबळें होतें व कुजविणाऱ्या बुरशीला आयतें घर मिळतें. न्यू गिनीच्या उंच डोंगरावर रात्री थंड असतात, वारा खेळता असतो व फांदीवर पाणी सांचत नाहीं. म्हणून तेथील रोजचा पाऊस झाडाला पचतो. मुंबईच्या मे महिन्यांत मध्यरात्रींही पारा २७ अंशांच्या आसपास रेंगाळतो. तेथें तेंच ओलें शेवाळें त्याच झाडाला मारक ठरतें.

पाण्याचें दुसरें काम गारवा देण्याचें. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यांत माठांतलें पाणी चांगलें गार होतें व कोंकणच्या दमट हवेंत तितकें होत नाहीं, हें घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. माठांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन जातांना उष्णता बरोबर नेतें. हवा आधींच बाष्पानें भरलेली असली तर ही क्रिया मंदावते. ऑर्किडची झिलई नसलेली मातीची कुंडी म्हणजे एक लहानसा माठच होय. तिच्यावरून मंद वारा वाहता राहिला तर मुळांभोंवतालची जागा खोलीपेक्षां थोडी गार राहते. म्हणून अनुभवी माणसें या झाडापाशीं लहान पंखा ठेवतात. खिडक्या लावून घेऊन नुसतें पाणी शिंपडीत राहिल्यास दमटपणा वाढतो, पण गारवा येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीत. कुंडी पांच-सहा सेंटिमीटर तोंडाची पुरते. स्फॅग्नम नांवाचें लांब तंतूंचें शेवाळें मुळांभोंवतीं सैल भरावें. दाबून भरलें तर हवेला वाट राहत नाहीं. पाणी सकाळीं घालावें, आणि चमच्याचमच्यानें शिंपडण्याऐवजीं तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत एकदम घालावें. मग कुंडी पूर्ण निथळूं द्यावी. खालच्या बशींत पाणी उभें ठेवूं नये. कोंवळ्या कोंभांत अडकलेलें पाणी संध्याकाळपूर्वीं सुकलें पाहिजे. पुढचें पाणी केव्हां घालावयाचें, हें वार ठरवून भागत नाहीं. नुकती निथळलेली कुंडी हातांत घेऊन तिचें वजन लक्षांत ठेवावें व रोज सकाळीं ती उचलून पाहावी. कुंडी हलकी वाटूं लागली, शेवाळ्याचा वरचा थर फिका पडूं लागला, पण बोटाला आंत अजून ओल लागते, ही पाण्याची वेळ. शेवाळें कुरकुरीत होईपर्यंत मात्र थांबूं नये. या झाडाच्या इवल्याशा खोडांत पाण्याचा सांठा फार थोडा असतो. शिवाय अगदीं वाळलेलें शेवाळें वरून घातलेलें पाणी चटकन घेत नाहीं.

सर्वांत मोठी फसगत पानांमुळें होते. मूळ कोरडें पडलें तरी पानें सुरकुततात आणि मूळ कुजलें तरीही सुरकुततात, कारण दोन्ही प्रसंगीं पानांपर्यंत पाणी पोंचत नाहीं. घरांतील माणूस सुरकुती पाहून आणखी पाणी घालतो व उरलेलीं मुळेंही घालवितो. म्हणून सुरकुती दिसतांच हातांतला तांब्या खालीं ठेवून आधीं मूळ पाहावें. तें टणक व फिकट असेल तर झाड तहानलेलें आहे. तें तपकिरी, लिबलिबीत असेल, किंवा ओढतांच वरचें वेष्टन निघून आंत नुसता दोरा राहत असेल, तर तें कुजलें आहे. कुजका भाग स्वच्छ कात्रीनें कापून झाड नव्या शेवाळ्यांत बसवावें, थंड सावलींत ठेवावें आणि नवीं मुळें फुटेपर्यंत पाण्याच्या बाबतींत हात आंखडता घ्यावा.

पाण्याची जातही पाहिली पाहिजे. ढगांतून थेट येणाऱ्या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. भांड्याच्या तळाशीं बसणारा पांढरा थर हीच त्याची खूण. वाफ होऊन जातें तें केवळ पाणी. क्षार कुंडींतच सांचतात व मुळांचीं टोकें जाळतात. यासाठीं पावसाचें सांठविलेलें किंवा घरच्या आर. ओ. यंत्रांतून गाळलेलें पाणी बरें. खत देणें तर डब्यावरील मात्रेच्या चौथाईनें द्यावें आणि मधून मधून नुसत्या पाण्यानें कुंडी धुवून काढावी.

हें झाड उटकमंडासारख्या उंच गांवीं, किंवा थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरीं, थोड्या काळजीनें नांदूं शकतें. पुण्याचा हिंवाळा त्याला मानवेल, पण एप्रिल-मे महिन्यांत गार खोलीची कायम सोय हवी. तशी सोय नसेल त्यानें हें झाड विकत न घेणेंच उत्तम. सह्याद्रींत त्याच वंशांतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम हें पांढऱ्या फुलांचें ऑर्किड आहे. पावसाळा सरल्यावर तें पानें गाळतें, पाण्याचा सांठा फुगीर खोडांत ठेवतें आणि कोरड्या दिवसांत निष्पर्ण खोडावर फुलतें. त्याला हिंवाळ्यांत रोज पाणी देणें जितकें चुकीचें, तितकेंच न्यू गिनीच्या ऑर्किडला महिनाभर कोरडें ठेवणें चुकीचें. दोघांचें कुलनाम एकच. पण एकानें चार महिन्यांचा पाऊस पुरवून खाण्याची संवय लावून घेतली आहे, तर दुसऱ्यानें रोजचा पाऊस व रोजची थंड रात्र गृहीत धरली आहे. पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वीं आपल्या कुंडींतलें झाड यांपैकीं कोणत्या डोंगरावरचें आहे, एवढें घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवावें.