असं का? : नाल्याला पूर, विहिरीला कोरड

चोपडा तालुक्यात पावसाळ्यात नाला तुडुंब वाहतो. काठापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीत मात्र बादली खडखडते. असं का?

शेणानं सारवलेल्या अंगणात तांब्याभर पाणी ओतून बघा. ते जिरत नाही, उताराकडे पळतं. तापीकाठचा गाळही तसाच. पिवळ्या चिकणमातीचे जाड थर पाणी अडवतात. त्यांच्याखाली वाळूचे थर असतात. ते पाणी पितात, पण त्यांच्यापर्यंत ते पोचायला हवं ना! सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र गोटे-रेतीचा पट्टा आहे. तिथं पाणी चाळणीतून गळावं तसं खाली उतरतं.

अनेर नदी ओलांडून पलीकडे गेलं की शिरपूर तालुका. तिथं 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी हे सारवणच फोडलं. नाले थेट वाळू लागेपर्यंत खोल आणि रुंद केले. त्यावर सिमेंटचे बंधारे बांधले, तेही दरवाजाविना. कोरड्या विहिरींमध्येही जादा पाणी सोडलं. विहीर म्हणजे थरांना आरपार छेदणारी तयार नळीच की!

पाणी जमिनीखाली गेलं की ऊन ते उडवत नाही. मग जिथं जेमतेम खरीप निघायचा तिथं दुसरं पीक उभं राहतं, आणि दुसरं पीक म्हणजे गावातच मजुरी. ‘शिरपूर पॅटर्न’ नावाजला तो यामुळे.

तरी तो सरसकट उचलता येत नाही. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात नुसतं खोल खणलं तर खड्डाच हाती लागतो. शिवाय केळीची तहान मोठी. भरलेली विहीर बघून बाग वाढवली, की मोटार पुन्हा हवा ओढू लागते.