डोळ्यातील इंजेक्शन : मात्रा वाढविल्याने गुण वाढतो काय?

सकाळी सामायिक आटोपून स्वाध्यायास बसणाऱ्या वृद्ध श्राविकेला एके दिवशी ओळीच्या मधलीच अक्षरे वाकडी, धुरकट दिसू लागतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी घरच्यांची समजूत होते, आणि त्यात महिने निघून जातात. तिला अनेक वर्षांचा मधुमेह असेल, तर ही समजूत महागात पडते. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि बारीक वाचन ज्याच्या आधारे होते, त्या मध्यभागावर, म्हणजे मॅक्युलावर, सूज येते.

ही सूज उतरविण्यासाठी ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड थेट डोळ्यात टोचण्याची पद्धत या शतकाच्या आरंभी रूढ झाली. मात्रा बहुधा ४ मिलिग्रॅम असे. सांधे व स्नायूंसाठी मिळणाऱ्या औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम स्टेरॉइड असते. त्याचा दहावा भाग घेतला की ४ मिलिग्रॅम होतात. सोयीचे गणित खरे, पण डोळ्याला नेमके किती औषध मानवते, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

ते उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत ६९३ रुग्णांच्या ८४० डोळ्यांवर एक मोठी चाचणी झाली. काहींना १ मिलिग्रॅम, काहींना ४ मिलिग्रॅम औषध व उरलेल्यांना लेसर असे उपचार देण्यात आले. दोन वर्षांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. चार महिन्यांनी ४ मिलिग्रॅमचा गट पुढे होता. सरासरी चार अक्षरे अधिक वाचता येत होती. वर्षअखेरीस तिन्ही गट बरोबरीत आले. दोन वर्षांनी मात्र लेसरच सरस ठरले.

मात्रेनुसार वाढला तो अपाय. डोळ्यातील दाब १० अंकांनी किंवा त्याहून अधिक वाढल्याचे प्रमाण लेसर गटात ४ टक्के, १ मिलिग्रॅमला १६ टक्के आणि ४ मिलिग्रॅमला ३३ टक्के होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली ती अनुक्रमे १३, २३ आणि ५१ टक्के डोळ्यांवर. चौपट औषधाने चार महिन्यांचा दिलासा मिळाला. त्याचे मोल पुढे असे चुकवावे लागले.

पुढे फ्लुओसिनोलोन या स्टेरॉइडची, डोळ्यात बसवून वर्षानुवर्षे औषध सोडणारी अतिसूक्ष्म नळी आली, तेव्हाही हेच दिसले. कमी व अधिक मात्रेने दृष्टीत झालेली सुधारणा जवळजवळ सारखीच होती. काचबिंदूच्या शस्त्रक्रिया मात्र अधिक मात्रेच्या गटात जास्त झाल्या. वापरास मान्यता मिळाली ती कमी मात्रेला.

आज बहुतेक रुग्णांत प्रथम रॅनिबिझुमॅबसारखी, स्टेरॉइड नसलेली इंजेक्शने दिली जातात. तरीही स्टेरॉइड बाद झालेले नाही. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविलेल्या डोळ्यांत त्याची एक मोठी अडचण आपोआपच दूर होते. म्हणून 'शस्त्रक्रिया झाली आहे काय, घरात कुणाला काचबिंदू आहे काय' असे डॉक्टरांनी विचारल्यास नीट आठवून सांगावे. मात्रा कोणती व का, हेही निःसंकोच विचारावे.

स्टेरॉइडमुळे वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, दिसतही नाही. तो यंत्रावर मोजल्यावरच कळतो. आपल्याकडे चातुर्मासातील उपवास, पर्युषण, तीर्थयात्रा यांत दवाखान्याची तारीख सहज पुढे ढकलली जाते. इंजेक्शननंतरची दाबतपासणी तेवढी ढकलू नये, आणि उपवासाआधी साखरेच्या गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्यावे.